भिंत गेली, लेख तरी वाचला

२०१७ ते २०२१ या काळात मी एका मराठी पोर्टलसाठी पाहुणी लेखक म्हणून १९ लेख लिहिले. मानधन नव्हतं, त्याची तक्रारही नाही. विषय माझ्या जिव्हाळ्याचे: गोव्यातली जुनी घरं, देवळं आणि विशेष करून कावी. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि तो लोखंडी अणीने खरवडत आतल्या पांढऱ्या चुन्यातून चित्र काढायचं, अशी ही कला. लेख मी थेट त्या पोर्टलच्या पानावरच टाइप करायचे. माझ्याकडे प्रत नसायची. तिथे आहेत म्हणजे आहेतच, असं मी धरून चालले होते.

२०२३ च्या चवथीला भाची म्हणाली, "मावशी, तुझा पेडण्याच्या देवळावरचा लेख उघडत नाही गं." पोर्टलचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, नूतनीकरणाअभावी गेलं होतं. संपादकांना फोन केला, तर सर्व्हरचं भाडंही थकलेलं आणि बॅकअप कुणाकडेच नाही. मला धस्स झालं ते त्या एका लेखामुळे. जीर्णोद्धारात त्या देवळाच्या कावी चित्रांच्या भिंतीवर ऑइलपेंट चढला होता. मला त्या चित्रांबद्दल सांगणारे आजोबाही वारले होते. त्यांचं बोलणं फक्त त्या लेखात उरलं होतं.

मग वेबॅक मशीनकडे, म्हणजे इंटरनेट अर्काइव्हच्या जुन्या वेबपानांच्या साठ्याकडे वळले. ही अमेरिकेतली संस्था १९९६ पासून जगभरची वेबपानं साठवते, आणि २००१ पासून ती कुणालाही पाहता येतात. पण लेखाचा नेमका पत्ता हवा. आपल्या देवनागरी शीर्षकांचा पत्ता कॉपी केला की प्रत्येक अक्षराच्या जागी टक्केचिन्हांसकट निदान नऊ चिन्हं येतात. मी नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या लिंका अर्ध्यावर तुटलेल्या होत्या. दोन रात्री त्यातच गेल्या. शेवटी भाचीने पोर्टलच्या मूळ पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि तारका टाकली, आणि त्या पोर्टलच्या साठवलेल्या सगळ्या पानांची यादीच समोर आली. ११ लेख मिळाले, त्यात आजोबांचाही. मी स्क्रीनसमोर बसून रडले. फोटो मात्र जवळजवळ सगळे गेलेले, चौकटी रिकाम्या. आणखी तीन लेखांचे कच्चे खर्डे माझ्याच ईमेलमध्ये निघाले, पण जुन्या फॉन्टमधले. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या अक्षरांत बदलले तर सगळे रफार भलत्याच अक्षरांवर बसले. ते एकेक हाताने दुरुस्त केले.

हे चालू असतानाच दुसरा धक्का बसला. आजोबांचा लेख एका पर्यटन संकेतस्थळावर होता, माझं नाव काढून. त्याहून वाईट म्हणजे आजोबांची वाक्यं बदलून 'पोर्तुगीज शैलीची चित्रं' असं घुसडलेलं. त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं.

पणजीतल्या ओळखीच्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही काही सही करून दिलंय का?" नव्हतं. संपादकांची एक ओळ होती फक्त, 'पाठवा, लावतो.' वकीलबाईंनी समजावलं, कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे लेख माझेच होते. शिवाय कलम ५७ नुसार, हक्क विकले तरी लेखकाला स्वतःचं नाव सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार राहतो. नोंदणी ऐच्छिक आहे, लेखनावरचा हक्क लिहिताक्षणीच निर्माण होतो. पण भांडायला तारखेचा पुरावा लागतो. तो मला वेबॅकच्या पानावरच्या तारखेने दिला. त्या संकेतस्थळाने माझ्या दोन ईमेलना उत्तर दिलं नाही. त्यांना सर्व्हरवर जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीकडे वेबॅकचं आणि त्यांचं अशी दोन्ही पानं जोडून तक्रार केल्यावर नवव्या दिवशी लेख उतरला.

आता मी कुठल्याही पानावर थेट टाइप करत नाही. लेख आधी माझ्या संगणकावर, युनिकोडमध्ये, मूळ आकाराच्या फोटोंसकट. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक ईमेलवर. लेख पाठवताना पत्रातच लिहिते की हा एकदाच प्रसिद्ध करण्याची परवानगी आहे, हक्क माझ्याकडे, पुस्तकात घ्यायला मी मोकळी, मजकुरात बदल विचारून. होकार ईमेलवरच मागते, फोनवरचा धरत नाही. एका संपादकांना हे लागलं. "एवढा अविश्वास?" म्हणाले. मी त्यांना त्या भिंतीची गोष्ट सांगितली, आणि त्यांनी होकार लिहून पाठवला. लेख लागला की त्याच दिवशी मी स्वतः ते पान वेबॅकमध्ये साठवते, पीडीएफ काढते आणि फोटो उघडतात का तेही बघते.

आजोबांचा लेख छापून मी त्यांच्या नातवाला दिला. भिंतीचे चार फोटो माझ्या जुन्या फोनमध्ये मिळाले, तेही त्यात लावले. पाच लेख अजून सापडलेले नाहीत. त्यातला एक डिचोलीच्या एका जुन्या घराच्या चौकावर होता. तो कुणी तेव्हा छापून ठेवला होता का, हे मी भेटेल त्याला विचारते आहे.