अंगठ्याखालची गाठ

चपलेचा अंगठा तुटला की भल्याभल्यांची चाल बिघडते. मेक्सिकोच्या चिहुआहुआ राज्यातल्या दऱ्याखोऱ्यांत राहणारे रारामुरी लोक मात्र तो तुटणार हे धरूनच चप्पल बांधतात.

याच लोकांतले तोमास साफिरो आणि लिओन्सिओ सान मिगेल १९२६ मध्ये पाचुका ते मेक्सिको सिटी हे १०० किलोमीटर ९ तास ३७ मिनिटांत धावले. दोनच वर्षांनी होसे तोर्रेस आणि आउरेलिओ तेर्रासास आम्सटरडॅम ऑलिंपिकची मॅरेथॉन धावले. तोर्रेस २१वा, तेर्रासास ३५वा. (आपले फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पला १९वे आले होते.) क्रमांक बेताचेच, पण यांच्या घरच्या शर्यतीत ४२ किलोमीटरला कोण विचारतो! लाकडी चेंडू पायाच्या बोटांवर घ्यायचा, पुढे उडवायचा, हात लावायचा नाही. अंधार पडला की पाइनच्या चुडी पेटवायच्या आणि पळत राहायचं.

त्यांची चप्पल पूर्वी नुसत्या कातड्याची असे, आता तळ जुन्या टायरचा. टायरवर पूर्ण भार देऊन उभं राहायचं आणि मगच पायाची रेघ मारायची. बसून मारली तर पाय पसरत नाही आणि तळ अरुंद पडतो. भोकं तीनच. एक अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात, दोन घोट्याच्या हाडाखाली, किंचित पुढे. ही दोन फार पुढे गेली तर टाचेवरचा पट्टा निसटतो, मागे गेली तर वादी हाडाला घासते. या दोन भोकांसाठी तळाला दोन्ही बाजूंना कानासारखा भाग जास्तीचा ठेवावा लागतो, नाहीतर रबर कडेपासून फाटतं.

वादी एकच, दीड-दोन मीटर लांब. तळाखाली गाठ, तिथून वर बेचक्यात, बाहेरच्या भोकातून टाचेमागे, आतल्या भोकातून परत, आणि उरलेली घोट्याभोवती गुंडाळलेली. पाहणाऱ्याला हे वेटोळं शोभेचं वाटतं. पण दगडांवर घासून सगळ्यात आधी झिजते ती तळाखालचीच गाठ. म्हणून ती ओली करून, ठोकून चपटी करतात. तरीही ती तुटतेच. मग वाटेतच बसायचं, घोट्याचं एक वेटोळं सोडायचं, वादी पुढे ओढायची आणि नवी गाठ मारायची. वेटोळी संपेपर्यंत चप्पल चालते.