मैया उजव्या हाताला

इंदूरच्या नळाला येणारं पाणी नर्मदेचं. नर्मदाकाठच्या जलूद गावी उपसायचं, विंध्य चढवायचा आणि सुमारे 70 किलोमीटर आणायचं. पण शहर वसलंय क्षिप्रेच्या खोऱ्यात. त्यामुळे वापरून झालेलं पाणी कान्ह नदीतून क्षिप्रेत, मग चंबळेत, यमुनेत आणि प्रयागला गंगेत जातं. मैयाचं पाणी मैयाला परत मिळत नाही. भजनी मंडळात हे बोललो, तर काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं फुकट पितोयस, एकदा पायी जाऊन भेटून तरी ये." आणि सगळ्यात आधी त्यांचीच पिशवी भरून तयार!

1312 किलोमीटरच्या नदीची दोन्ही तटांनी परिक्रमा आमच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. खंड परिक्रमा, म्हणजे एक टप्पाच, ठरली, उत्तर तटाने महेश्वर ते बडवाह. मैया उजव्या हाताला ठेवायची, म्हणून या तटावर तोंड पूर्वेला, प्रवाहाच्या उलट. पाणी तपासण्याच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे फारच मानवतं. आधी परिणाम दिसतो, पुढे चालत गेलं की कारण भेटतं.

अडचण वेगळीच होती. नमुना शक्यतो मधल्या धारेतून घ्यावा, काठाचं पाणी सगळ्या नदीची साक्ष देत नाही, हा आमच्या कामातला नियम. परिक्रमावासीने पात्र ओलांडायचं नाही, नावेत बसायचं नाही, हा मैयाचा. मग मी गुडघाभर पाण्यात, तोंड वरच्या अंगाला करून, वाहत्या जागी बाटली बुडवायचो. महेश्वरला एका साधूबाबांनी विचारलंच, "मैया की परीक्षा ले रहे हो?" म्हटलं, "नहीं महाराज, हमारी."

बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं की प्राणवायू असलेल्या पाण्यात तपकिरी साका बसतो. नसेल तर पांढराच राहतो. महेश्वरचा साका बघून काकू म्हणाल्या, "अगदी गुळवणी!" दुपारची वेळ होती, प्राणवायूचा आकडाही छान आला. पण मला त्याचा आनंद होईना. 25 अंशाला एक लिटर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. संथ पाण्यातलं शेवाळ उन्हात तो तयार करतं आणि दुपारी आकडा त्याच्याही वर जाऊ शकतो. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं, आणि पहाटे सगळ्यात कमी उरतो. माशाला जगायचं असतं ते त्या पहाटेच्या आकड्यावर. अंघोळीच्या पाण्यात किमान 5 मिलिग्रॅम असावा असा आपल्याकडचा निकष आहे. तो दुपारी पाळला जातो की पहाटे, हे विचारायलाच हवं. महेश्वर दुपारी, मंडलेश्वर तिन्हीसांजेला, पुढचं गाव पहाटे, असे माझे आकडे. एकाशी दुसरा जोडताच येईना. चालणाऱ्याला नदी दिसते, पण मोजायला कुणीतरी एका जागी बसून राहावं लागतं.

विष्ठेतले जंतू शोधणाऱ्या छोट्या बाटल्याही होत्या. ही पद्धत ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये मांडली. आत औषधात भिजवून वाळवलेला कागद असतो. पाणी भरून ऊबेला ठेवायचं, एकदोन दिवसांत काळं पडलं तर ते पाणी पिण्याचं नाही. निमाडातली थंडी पहाटे बोचते, म्हणून मी त्या बंडीच्या खिशात अंगाशी ठेवल्या होत्या. महेश्वरची बाटली काळी झाली तेव्हा आम्ही जलूदही मागे टाकलं होतं. सदाव्रताच्या पंगतीत ती सगळ्यांनी हातोहात बघितली.

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे मैयाचं तीर्थ घ्यायचं नाही?"

"तीर्थ घ्या. तहानेला मात्र उकळलेलं."

"चहा उकळूनच करते ना मी?" त्यांच्यापुरता प्रश्न मिटला. खरं तर दिवसाला दहा चहा हा उपाय मला मान्य नाही, पण वाद घातला नाही.

बडवाहजवळ, चोरल नदी मिळते त्या भागात, घाटावर एक नावाडी भेटला. त्याला ना परिक्रमेचा नेम, ना मधल्या धारेची मनाई. जन्म याच पाण्यावर गेलेला. मी त्याला बाटली बुडवायला, पहिली दोन रसायनं हातमोजे घालून टाकायला आणि हवेचा बुडबुडा न ठेवता बूच लावायला शिकवलं. महिन्यातून एकदा, सूर्य उगवायच्या आत, एकाच जागेवरून. मोजणीआधीचं आम्ल मी घरी घालणार. काळ्या कापडात गुंडाळलेली बाटली सकाळच्या बसने इंदूरला यायची. पैसे विचारले तर म्हणाला, "मैया का काम है, बस का किराया दे देना." छोट्या बाटल्याही त्याच्याकडेच ठेवल्या.

काकू तेवढ्यात पुढे झाल्या आणि त्याला बजावलं, "बाटली उघडण्याआधी हात धू हं, आणि साबण लावलास तर तो नदीत नाही, वर बालदीत."