बेळगावकडे जुन्या लुगड्यांच्या शोधात: घट बसायच्या आधी जा

जुने कपडे बघायला बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात जायचं असेल तर पितृपंधरवड्याचा शेवटचा आठवडा धरा. लग्नसराई नसते, त्यामुळे बेळगावात राहायला खोली सहज मिळते. पण खरं कारण ते नाही. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. ओढ्याकाठच्या खडकांवर, विहिरीच्या कठड्यावर, गडग्यांवर जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेल्या वाकळा वाळत पडलेल्या असतात. एरवी ज्या कपड्यापर्यंत पोचायला चार ओळखी काढाव्या लागतात, तो त्या आठवड्यात उन्हात पसरलेला दिसतो, आणि त्याची मालकीण शेजारीच उभी असते. भर पावसाळ्यात मात्र जाऊ नका. खानापूरकडचा पाऊस असा की ओल शिरेल म्हणून कुणी ट्रंकेचं झाकणसुद्धा उघडत नाही.

हेही आधीच सांगते. धडधाकट, भरजरी लुगडं मिळेल या आशेनं येणार असाल तर येऊ नका. ती कधीच गेली. जरतार घेणारे दारावर यायचे, काठपदर कापून न्यायचे, जाळून चांदी काढायचे. उरलेली लुगडी बोहारणीच्या टोपल्यात गेली, स्टीलच्या डब्याच्या बदल्यात. जितकं लुगडं चांगलं, तितकं ते लवकर मोडीत निघालं. राहिलं ते कुणालाच नको होतं ते: मधला विरलेला भाग कापून दोन टोकं जोडलेलं, दंड घातलेलं लुगडं, बाळाची कुंची, बगलेत फाटलेली चोळी, आणि वाकळ. माझा संग्रह जवळपास सगळा असाच आहे आणि मला त्यातच रस आहे. कोरं लुगडं दुकानाची माहिती देतं. दंड घातलेलं लुगडं नेसणारीची देतं.

कोल्हापुरातून निपाणी, संकेश्वर करत बेळगाव साधारण एकशे दहा किलोमीटर आहे. एसटीही जाते, कर्नाटकची बसही. कर्नाटकातल्या बसमधला बायकांचा मोफत प्रवास जून २०२३ पासून सुरू आहे, पण तो तिथला रहिवासी पुरावा असेल तरच. आपलं महाराष्ट्राचं आधार कार्ड दाखवून कंडक्टरशी हुज्जत घालू नका, तिकीट काढा. गावाकडच्या बसच्या पाट्या कानडीत असतात. एक तर गावांची नावं कानडी अक्षरांत कागदावर लिहून न्या, नाही तर सरळ विचारा. बेळगावच्या स्टँडवर मराठीत विचारलं तर मराठीत उत्तर मिळतं. आणि १ नोव्हेंबर टाळा. त्या दिवशी तिकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी माणसांचा काळा दिवस दोन्ही असतात. रस्ते अडलेले, दुकानं अर्धी बंद, आणि लुगड्यांबद्दल बोलायच्या मनःस्थितीत कुणीच नसतं.

मी सुरुवात नेहमी शहापूर-वडगाव-खासबागपासून करते. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगावला खेटून असूनही वेगळ्या राज्यातलं. आज रस्ता ओलांडला की गाव बदललं हे कळतही नाही. वडगाव-खासबागच्या गल्ल्यांतून चाललं की घराघरातून मागांचा खडखडाट येतो. बहुतेक आता पॉवरलूमच. पण हातमागावर उमेद घालवलेली जुनी माणसं अजून आहेत आणि आपल्याला तीच हवी असतात. आपण आणलेला तुकडा त्यांच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचं.

एका काकांना मी इरकली पदराचा तुकडा दाखवला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. अंग जिथं संपतं आणि लाल पदर सुरू होतो तिथं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हात लावून बघा की. लागतंय का न्हाई?" लागत होतं. आडवी, केसाएवढी उंच रेघ. अस्सल इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती आणि पदराचा ताणा रेशमी असतो. पदराचे धागे अंगाच्या धाग्यांत फासे अडकवून जोडतात आणि मग पुढे विणतात. ती जोडणीची रेघ बोटाला कळते. पदराला तीन लाल पट्टे, त्यांच्यामध्ये दोन पांढरे, आणि कडेला फणीच्या दातांची नक्षी, हे कुणीही छापून देईल. ती रेघ छापता येत नाही. बाजारात "जुनी इरकल" म्हणून जे खपवतात त्यातल्या निम्म्याचा निकाल या एका अंगठ्यात लागतो.

कशिद्याचंही असंच आहे. धारवाडी कशिद्यात चार टाके: गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंती. कापडावर आधी काही रेखाटत नाहीत, ताण्याबाण्याचे धागे मोजून टाका घालतात. गवंती आणि मुरगी उलट-सुलट दोन्हीकडून सारखेच दिसतात, गाठ कुठेच नाही. म्हणून कुंची किंवा चंद्रकळा हातात आली की पहिल्यांदा उलटी करा. मागे दोऱ्यांचा गुंता दिसला तर ती हल्लीची नक्कल. गोपूर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती बघून हरखून जायचं नंतर.

वय ठरवताना रंगावर जाऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते. लाल जुना वाटतो, पण कृत्रिम मंजिष्ठी रंग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी इकडे रुळलेला होता. कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आहे. त्यामुळे "नैसर्गिक निळीतली, शंभर वर्षांची" असं कुणी ठासून सांगितलं की मी मान डोलावते आणि पाकीट बंद ठेवते. पदर फार चमकत असेल तर सुटलेल्या गोंड्यातला एक धागा मागून घ्या आणि घराबाहेर जाऊन जाळा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि चुरगळणारी गोळी राहते. रेयॉन कागदासारखा जळतो. रेयॉन निघाला तर तो पदर कधीही भिजवून पिळू नका, ओला झाला की त्याचा जोर जातो आणि तो फाटतो.

त्याहून भरवशाचे पुरावे कपड्याच्या आसपास असतात. निपाणीत एका घरी ट्रंक उघडली तेव्हा काळ्या चंद्रकळेच्या घडीत शहापूरच्या एका कापड दुकानाची पावती होती. मराठीत छापलेली, पत्त्यात नुसतं "जि. बेळगाव", राज्याचं नाव नाही. रक्कम शाईनं लिहिलेली आणि आकड्यापुढे "न. पै.". नये पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि १९६४ च्या जूनमध्ये त्यातलं "नये" गळालं. म्हणजे खरेदी त्या सात वर्षांतली. जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला १ नोव्हेंबर १९५६ ला. दुकानदारानं पत्त्यात राज्य घातलंच नव्हतं, जुनी पावतीपुस्तकं संपवत होता की मुद्दाम, कोण जाणे. घरातल्या वहिनींना वाटत होतं चंद्रकळा आजेसासूबाईंच्या लग्नातली. तारखा जुळेनात. त्या हसून म्हणाल्या, "मग पहिल्या संक्रांतीची असंल सासूबाईंची." ते पटण्यासारखं होतं.

तसंच बंडीच्या किंवा कोपरीच्या अस्तराचं. मांजरपाटाच्या ठाणाच्या टोकाला गिरणीचा शिक्का असतो, आणि शिंपी टोकाचं कापड आत वापरायचा. शिक्क्यात वार दिसले तर कापड बहुधा १९६२ च्या आधीचं, कारण त्या वर्षी मेट्रिक मापं सक्तीची झाली. आणे लिहिलेली पावती बहुधा १९५७ च्या आधीची. अशा चिठ्ठ्या फेकू नका, आणि घरच्यांनाही फेकू देऊ नका.

आता वाकळा. बेळगावच्या पश्चिमेला उचगावच्या बाजूला एका आज्जींनी वाकळ गडग्यावर टाकलेली. लांबून नुसता विटका तांबूस रंग. जवळ गेले तर वरचा थर चौकटीच्या लुगड्याचा, पण कडेला जिथं उंदरानं कुरतडलं होतं तिथं खाली आणखी एक काठ दिसत होता, हिरवा, बारीक रेशमी. वाकळ कधी उसवत नाहीत. वरचं विरलं की त्यावर नवं जुनेर टाकून पुन्हा धावदोरा. त्यामुळे सगळ्यात जुनं कापड सगळ्यात आत असतं, आणि ते बघायची जागा म्हणजे फाटकी कड. छोटी बॅटरी सोबत ठेवा.

आज्जी बोट ठेवून सांगत गेल्या. "ह्ये माज्या सासूचं. ह्यो दिराचा पटका. ह्यो खण माज्या चोळीचा, थोरल्याच्या येळंचा." एका निळ्या तुकड्यापाशी थांबल्या. "ह्यो कुनाचा काय म्हाईत न्हाई बघ. माज्या आदीपास्नंच हाय." मी विकत मागितली नाही. पांघरायची वाकळ मागणं बरं दिसत नाही, आणि कुणी दिलीच तर घरात काहीतरी नड आहे असं समजावं. फोटो काढले, टेप धरून माप घेतलं, थरांचा नकाशा वहीत काढला. हिरव्या काठाचा सुटा धागा आज्जींनी आपणहून तोडून दिला. फोटो छापून कुरिअरनं पाठवले. पाठवतो म्हणाल तर पाठवाच, पुढच्या माणसाला दार उघडतं ते त्यावर.

खानापूर तालुक्यात आणि पुढे हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी बायका ज्या गोधड्या करतात त्यांची रीत वेगळी. ठिगळं मोठी, रंग भडक, आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेली कापडी फुलं. फुलांशिवाय गोधडी नागडी, असं त्या मानतात. या गोधड्या त्या विकायलाही करतात, तेव्हा तिथं खुशाल पैसे मोजा आणि घासाघीस करू नका. एका गोधडीत किती हात आणि किती दुपारी जातात ते शेजारी बसलं की कळतं.

पूर्वेला हुदलीला वेळ काढून जा. गंगाधरराव देशपांड्यांचं गाव. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढंच, आणि सभासदानं महिन्याला दोन हजार वार सूत द्यायचं ही अट तिथंच पक्की झाली. १९३७ मध्ये गांधीजी हुदलीत येऊन राहिले होते. गावात खादीचं काम अजून चालतं. तिथलं आजचं जाड सूत एकदा बोटांत धरून बघा, म्हणजे कुणाच्या ट्रंकेतली खादीची टोपी हातकताईची की गिरणीच्या सुताची हे ओळखायला मोजपट्टी मिळते. हातकताईचा धागा कुठं जाड, कुठं बारीक, आणि जाड भाग एका ठरावीक अंतरानं येत नाही. गोकाकची सूतगिरणी १८८० च्या दशकातली. धबधब्याला गेलात तर बाहेरून दिसते. आत सोडतील या भरवशावर दिवस ठेवू नका.

बोलण्याबद्दल थोडं. "जुन्या साड्या आहेत का विकायला" असं दारात विचारलं की तुम्ही बोहारीण ठरता आणि भांडं कुठाय म्हणून विचारतात. त्याऐवजी स्वतःच्या पिशवीतला एखादा तुकडा काढून "हा काठ कुठला असेल हो मावशी?" विचारा. गोकाक, अथणीकडे कानडी लागतं. तिकडे दोन्ही भाषा बोलणारं कुणी सोबत असलं तर बरं, शक्यतो बाईमाणूस. ओटीत आलेले खण आणि गेलेल्या माणसाचं शेवटचं लुगडं मागू नका, कुणी देऊ केलं तरी घरातल्या थोरल्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

घेतलेलं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून आणू नका. धुतलेलं मलमल किंवा जुनं धोतर न्या, त्यात गुंडाळा. घरी आल्यावर लगेच धुवायची घाई नको. इरकलीचा लाल सुटतो आणि अंगावर उतरतो, तेव्हा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं कोपऱ्यात टिपून बघा. रंग आला तर नुसतं सावलीत हवेशीर ठेवा. नाही आला तर रिठ्याच्या कोमट पाण्यात, न चोळता. खळ करू नका, खळीला कसर लागते. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, कडुनिंबाचा वाळका पाला पुरतो. घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर घडीवरच चिरतं. आणि प्रत्येक तुकड्यासोबत चिठ्ठी ठेवा: गाव, महिना, कुणी काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत. नाव-पत्ता वेगळ्या वहीत.