तुम्ही विचारलंत म्हणून: हाड बघून कळतं का, माणूस कशानं गेला?

मी जुन्या मानवी हाडांचा अभ्यास करते असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, भीती नाही वाटत? दुसरा, हाड बघून कळतं का, माणूस कशानं गेला? परवा एका मुंजीत पंगतीला शेजारी बसलेल्या काकांनी दोन्ही विचारले, तेही मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावता लावता. तिथे धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

बहुतेक वेळा नाही कळत. आणि प्लेगच्या बाबतीत तर मुळीच नाही.

लंडनच्या किल्ल्याजवळ ईस्ट स्मिथफील्ड नावाची जागा आहे. 1348-49 साली तिथे शहराबाहेर प्लेगने मेलेल्यांसाठी घाईघाईने दफनभूमी काढली. पुढे त्या जागेवर सरकारी टांकसाळ आली, आणि 1986 ते 88 मध्ये खोदकाम झालं तेव्हा सहाशेच्या वर सांगाडे निघाले. लांबच लांब चर, काही ठिकाणी एकावर एक पाच थर. पण फेकलेले नव्हेत. रीतीप्रमाणे डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, काहींना पेटीसुद्धा. शहरात रोज मुडदे पडत असताना कोणीतरी दिशा पाहत होतं, हे मला दर वेळी थांबवतं.

या सांगाड्यांवर प्लेगची खूण एकही नाही. हाड फार सावकाश बदलतं, त्याला आठवडे-महिने लागतात. प्लेग चार-पाच दिवसांत माणूस संपवतो. पुरावा शेवटी दाताच्या आत मिळाला. दातातल्या पोकळीत रक्त खेळतं, तिथे जंतूच्या डीएनएचे तुकडे टिकले होते. ते जोडून 2011 साली त्या प्लेगच्या जंतूचा जवळजवळ अख्खा जनुकसंच वाचला गेला.

मग हाडं बघायची कशाला? ती माणसं आधी कशी जगली ते बघायला. लहान मूल उपाशी राहिलं किंवा फार आजारी पडलं की जबड्यात तयार होत असलेल्या दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, घडायचं थबकतं, आणि दातावर आडवी खाच राहते. नखाने चाचपली तरी लागते. एनॅमल पुन्हा घडत नाही, त्यामुळे खाच जन्मभर टिकते, आणि ती दातावर किती उंचीवर आहे यावरून तेव्हा मूल साधारण किती वर्षांचं होतं हे काढता येतं. आता हिशेब करा. 1349 मध्ये पस्तिशीत गेलेला माणूस 1315 ते 17 च्या युरोपातल्या महादुष्काळात एक ते तीन वर्षांचा असणार. त्याचे सुळे तेव्हाच घडत होते. (तो दुष्काळ आपल्यासारखा नव्हे. पाऊस थांबेचना, पीक शेतात कुजलं, ऊन नाही म्हणून मीठही नीट पिकेना.)

खाच दिसली की विद्यार्थी लगेच म्हणतात, बिचारा अशक्त होता. इथे मी त्यांना अडवते. खाच उमटायला आधी जगावं लागतं. दुष्काळाच्या पहिल्याच तडाख्यात गेलेल्या मुलाचे दात स्वच्छ असतात. जेम्स वुड या मानवशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 1992 साली हा पेच मांडला आणि आम्हा सगळ्यांची चांगलीच पंचाईत केली. म्हणून एकट्या सांगाड्यावर बोलायचं नसतं, दफनभूम्या एकमेकींशी ताडून बघाव्या लागतात. जुन्या हाडांच्याच अभ्यासक शॅरन डिविट यांनी लंडनमध्ये तेच केलं. नडगीच्या हाडावर जुन्या सुजेचे थर, दातांवर खाचा, अशी आधीच खंगलेली माणसं प्लेगला जास्त बळी पडली, असं त्यांना आढळलं; म्हणजे प्लेगनं सरसकट सगळ्यांना सारखं नेलं नाही. 1350 नंतरच्या दफनांत म्हातारपण गाठलेले जास्त आहेत. माणसं कमी उरली, मजुरी वाढली, ताटात जास्त पडायला लागलं. हे शिकवताना मी अजूनही अडखळते.

काकांनी हात धुताना पुढचं विचारलं: आपल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाचं काय? 1396 पासून बारा वर्षं चाललेला म्हणतात तो. म्हटलं, आपण बहुतेक जाळतो हो. त्याआधीची, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची तीन हजार वर्षांपूर्वीची पोरं घराच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली सापडली, त्यांच्या दुधाच्या दातांवरच्या दोषांचाही अभ्यास झालाय. दुर्गादेवीच्या दुष्काळाची मात्र गोष्टच उरली.

काका जरा गप्प झाले. मग म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात मी तीन वर्षांचा. मिलोची भाकरी आणि सुकडी. म्हणजे माझ्या दातांवर दिसेल की!"

मी उत्साहाने म्हटलं, दाखवा बघू.

"तंबाखूनं गेले सगळे," म्हणाले, आणि कवळी काढून नळाखाली धरली.