भैरूची नोंदवही: अन्नावरची वासना उडाली तिथपासून पुढे

भैरू लॅब्राडॉर आहे. दहा वर्षं पूर्ण, धडधाकट असतानाचं वजन 34 किलो. मोठ्या चणीची कुत्री सात-आठ वर्षांतच उतारवयाला लागतात, तेव्हा तो म्हातारा झालाय हे मान्य. पण लॅब्राडॉरनं भांड्याकडे पाठ फिरवली तर ते वयाच्या खात्यावर टाकू नये. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि म्हणून ती सदा वखवखलेली असतात. भैरूचं जनुक कुणी तपासलेलं नाही, पण त्याची लक्षणं तीच! असा प्राणी अर्धं भांडं सोडून निघून गेला, म्हणून वही उघडली.

पहिल्या नोंदी

'जेवत नाही' एवढंच लिहून भागत नाही, कसं जेवत नाही ते लिहावं लागतं. दात दुखत असेल तर कुत्रं उत्साहानं येतं, घास उचलतं, एका बाजूनं चावतं आणि खाली टाकतं. मळमळत असेल तर हुंगतं, ओठ चाटतं, लाळ गिळत राहतं आणि तोंड फिरवतं. जे भांड्याचा आवाज ऐकूनही जागचं हलत नाही, त्याला ताप असेल नाहीतर कुठेतरी दुखत असेल. भैरू सुरुवातीला हुंगून परतायचा, पुढे उठेनासाच झाला.

नाक गरम की गार यावरून काही कळत नाही. थर्मामीटर गुदद्वारातूनच लावायचा. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान, भैरूचं भरलं 103.8. हिरड्या फिक्या होत्या. हिरडीवर बोट दाबून सोडलं की रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा, तो येत होता, तेवढाच दिलासा. पोटाच्या बिनकेसाच्या भागावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले, आणि ही नोंद डॉक्टरांनी दोनदा वाचली.

तपासण्या

प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला लागणाऱ्या पेशी, 48,000. साधारण दोन लाखांच्या वर असायला हव्यात. त्या कमी पडल्या की त्वचेखाली बारीक रक्तस्राव होतो, तेच ते लाल ठिपके. गोचिडांमधून येणाऱ्या एर्लिकिया या जिवाणूची चाचणी पॉझिटिव्ह आली. म्हणजे गोचीडताप.

सोनोग्राफीत प्लीहा सुजलेली दिसली तेव्हा मात्र पोटात गोळा आला. उतारवयातल्या लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांच्या प्लीहेत गाठ होणं आणि ती फुटून आत रक्तस्राव होणं ही कुत्री पाळणाऱ्या आपल्या मंडळींमधली जुनी धास्ती. पण एर्लिकियातही प्लीहा सुजते. ती सगळीकडे सारखी मोठी झाली होती, वेगळी गाठ नव्हती. मूत्रपिंडासाठी रक्तातल्या क्रिएटिनिनसोबत (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ घटक) लघवीचीही तपासणी करून घेतली, कारण मूत्रपिंडाचं बरंचसं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन वाढतच नाही. तिथे काही निघालं नाही.

औषध आणि भांडं

डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, 28 दिवस. ताप लवकर उतरला तरी कोर्स पूर्ण करायचाच. गंमत अशी की ही गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते, आणि आपलं कुत्रं तर खातच नाही! गोळी दुधाच्या पदार्थात लपवायचा मोह टाळला, कारण त्यातल्या कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. डॉक्टरांनी आधी मळमळ थांबवायला मारोपिटंट दिलं आणि मग कुठे भैरूनं चार घास घेतले.

हा क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी मळमळ, मग आग्रह. मळमळत असताना जे समोर ठेवाल त्याचीच कुत्र्याला शिसारी बसते. म्हणून त्याचं रोजचं खाणं त्या काळात बाजूला ठेवलं आणि साधं उकडलेलं, कमी चरबीचं मांस कोमट करून हातानं भरवलं. कोमट केलं की वास सुटतो, आणि म्हातारं नाक वासावरच जेवतं. भूक चाळवायला तेलकट-तुपकट देऊ नका, स्वादुपिंडाला सूज यायची. कांदा-लसूण घातलेलं सूप नको. घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तर अजिबात नको.

'एक दिवस उपास पडला तर बरंच' असं म्हणणारे भेटतात. तरुण कुत्र्याच्या अपचनात चालेलही. म्हाताऱ्यानं दिवसभर काहीच खाल्लं नाही तर मी फोन करतो, सोबत उलट्या असतील तर दिवसही जाऊ देत नाही. आणि पोट फुगलंय, उमासे येतायत पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा फोनही गाडीतूनच करायचा.

सध्या

प्लेटलेट 1,90,000. वजन 31.2 पर्यंत उतरलं होतं, आता 32.5 आहे. भांडं चाटूनपुसून साफ होतं. पण मांड्या आणि कण्याच्या दोन्ही बाजू अजून हाताला पोकळ लागतात. चरबी लवकर परतते, स्नायू नाही. त्यामुळे सपाट रस्त्यावर छोट्या फेऱ्या, चढ अजून बंद.

एकदा झाला म्हणून गोचीडताप पुन्हा होत नाही असं नाही. गोचीडनाशक चुकवत नाही. रोज कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली हात फिरवतो. कोर्स संपल्यावर पुन्हा रक्त तपासायचं आहे, प्लीहेची सोनोग्राफीही. ते आकडे पुढच्या नोंदीत.