कोंबडीची बारा पिल्लं घरी आणली त्या दिवसाची हकिकत

मागच्या खेपेला दहा पिल्लं आणली होती. दुसऱ्या रात्रीच त्यातली दोन गेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक. ज्या दुकानातून आणली तिथल्या ट्रेवरचा बल्ब बंद होता. पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती. मला वाटलं, झोपली असतील. घरी आल्यावर खोकं जमिनीवर ठेवलं आणि मग बल्ब, वायर, पाण्याचं भांडं यांची शोधाशोध सुरू केली. जागा तापायला तास गेला. त्या तासाची किंमत पिल्लांनी मोजली, असं मी आजही मानते. म्हणून या वेळी पिल्लं आणायला जाण्याचं काम आदल्या दिवशी सकाळीच सुरू केलं. तुम्हीही तसंच करा, बाकी सगळं त्यानंतर.

आदल्या दिवशी ब्रूडर लावला. ब्रूडर म्हणजे काही विशेष वस्तू नाही. उंच कडांची पेटी, तळाला रंध्याच्या ढलप्या, वर उष्णता. बारा पिल्लांना पहिले काही दिवस सहा चौरस फूट पुरतात, म्हणजे पिल्लामागे अर्धा चौरस फूट, पण दोन आठवड्यांत जागा दुप्पट लागते. पेटीचे कोपरे पुठ्ठा वाकवून गोल केले, कारण घाबरलेली पिल्लं कोपऱ्यात घुसतात आणि खालची गुदमरतात. वर्तमानपत्र अंथरू नका. त्यावर पाय घसरतात आणि कोवळे पाय दोन्ही बाजूंना फाकतात, ते मग सरळ होणं अवघड. सीडार या उग्र वासाच्या लाकडाच्या भुशाचा वासही पिल्लांच्या श्वासाला बाधतो. ढलप्यांवर मी पहिल्या दोन दिवसांपुरता खरखरीत टिपकागद टाकते. त्यावर दाणा भुरभुरला की पिल्लांना तो दिसतो आणि ती दाणा समजून ढलप्या खात नाहीत.

बल्ब २५० वॅटचा, लाल. तो नुसत्या चिमट्यावर लटकवू नका. चिमटा सुटला आणि बल्ब कोरड्या भुशावर पडला की आग लागते. मी साखळीने आढ्याला टांगला आणि शिवाय तारेचा एक पीळ दिला. बल्ब घेताना खोक्यावरचा मजकूरही वाचा: न फुटणाऱ्या काही बल्बांवर टेफ्लॉनचा थर असतो, तो तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतात. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे ढलप्यांपासून जेमतेम दोन इंचांवर ठेवला. बल्बखाली ३५ अंश सेल्सिअस आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला गार, असं हवं. संपूर्ण पेटी सारखी गरम असेल तर गरम झालेल्या पिल्लाला पळायला जागा राहत नाही. रात्रभर बल्ब चालू ठेवून सकाळी आकडा पाहिला, ३४. मगच निघालो.

दुकानात आधी फोन केला होता. पिल्लं हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रातून, ठरलेल्या दिवशी येतात, रोज नाही. मी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, "अंड्यातून कधी बाहेर आली?" बाहेर पडण्याच्या जरा आधी पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय तग धरतं. म्हणूनच एक दिवसाची पिल्लं लांबवर पाठवता येतात. पण ती मुदत प्रवासातच संपली असेल तर दुकानात पोहोचलेलं पिल्लू थकलेलं असतं. माझ्या मते त्याच दिवशी उतरलेल्या पिल्लांपेक्षा एक-दोन दिवस दुकानात काढलेली, खायला-प्यायला शिकलेली पिल्लं घ्यावीत. अशक्त असतात ती तोवर कळून येतात.

सोबत माझी नऊ वर्षांची भाची होती. तिला आधीच सांगितलं होतं, आत गेल्यावर दहा मिनिटं कोणत्याही पिल्लाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. ती ट्रेला नाक लावून उभी राहिली आणि मी तिच्या शेजारी. ही दहा मिनिटं कुठल्याही पाटीपेक्षा जास्त सांगतात. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून किरकिर करत असतील तर ट्रे गार आहे. कडेला जाऊन चोच उघडी, पंख लोंबते, तर फार गरम. पसरलेली, मधेच दाणा टिपणारी, मधेच चालता चालता आडवी पडून झोपणारी आणि पुन्हा उठणारी, तर ट्रे बरोबर आहे. या दुकानातली पिल्लं अशी पसरलेली होती. पाणीही स्वच्छ होतं. पाण्यात भुसा आणि विष्ठा तरंगत असेल तर मी तिथून परत येईन, पिल्लं कितीही गोड दिसोत.

"मावशी, ते बघ, ते एकटंच उभं आहे," भाची म्हणाली. एक पिल्लू डोळे मिटून, मान खांद्यांत घालून बाकीच्यांपासून दूर उभं होतं. तिला तेच हवं होतं, मुलांना असंच पिल्लू हवं असतं. मी तिला समजावलं की ते आजारी आहे आणि आपण ते नेलं तर बाकीच्या अकरांनाही त्रास होईल. तिने ऐकलं, पण मला वाईट वाटलं. दुकानातल्या दादाने ते उचलून वेगळ्या खोक्यात उबेला ठेवलं, हे मात्र आम्हा दोघींना बरं वाटलं.

आता पाट्यांकडे वळू, कारण लोक इथेच फसतात. ट्रेवर जात लिहिलेली असते, पण त्यापुढचा शब्द जास्त महत्त्वाचा. 'तलंगा' लिहिलं असेल तर माद्या निवडलेल्या आहेत, 'सरमिसळ' असेल तर निवड नाही, अर्धे कोंबडे निघतील असं धरून चाला. एक दिवसाच्या पिल्लाचा नर-मादी भेद गुदद्वार तपासून ओळखण्याची पद्धत जपानमध्ये १९२०च्या दशकात विकसित झाली. तिला वर्षानुवर्षांचा सराव लागतो आणि सराईत हातही अधूनमधून चुकतो. डझनात एखादा कोंबडा निघाला तर ती फसवणूक नाही. तुम्हाला कोंबडा पाळता येत नसेल तर नर-मादीचा रंग जन्मतःच वेगळा असणाऱ्या संकरातली पिल्लं मागा. ऱ्होड आयलंड रेड नर आणि पट्टेरी प्लिमथ रॉक मादी यांच्या संकरात नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. असा भेद लहान मुलालाही दिसतो. डोक्याचा आकार किंवा अंड्याचं टोक यावरून सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

दुसरी गोष्ट, पिवळं पिल्लू. अंड्यांसाठी पाळायच्या व्हाइट लेगहॉर्न जातीचं पिल्लूही पिवळं आणि मांसासाठी वाढवायचा ब्रॉयलरही पिवळा. शेजारशेजारच्या ट्रेमध्ये ठेवलेले असले तर गिऱ्हाइकांच्या हातून सरमिसळ होते. ब्रॉयलरचे पाय जाड असतात आणि तो सहा-सात आठवड्यांत इतका वजनदार होतो की अंड्यांसाठी म्हणून पाळत राहिलात तर पाय आणि हृदय दोन्ही थकतात. खोक्यात घालण्याआधी पिल्लाच्या पायाकडे बघा आणि दादाला ट्रे कोणता ते तोंडाने सांगायला लावा.

तिसरा प्रश्न लसीचा. मरेक्स या विषाणूमुळे होणाऱ्या रोगाची लस हॅचरीत पहिल्याच दिवशी द्यावी लागते. नंतर दिली तर तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण तोवर विषाणू आसपासच्या धुळीतून पिल्लापर्यंत पोहोचलेला असू शकतो. या रोगाचं वर्णन योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्याने १९०७ मध्ये केलं. लस रोगाच्या गाठी आणि लुळेपणा टाळते. कॉक्सिडिऑसिसची, म्हणजे रक्ती हगवणीची लस दिली आहे का हेही विचारा, कारण त्यावर दाण्याची निवड ठरते. लस दिलेली असेल तर अँप्रोलियम घातलेला औषधी दाणा देऊ नका, औषध लसीचंच काम बंद पाडतं. लस नसेल तर तोच दाणा पहिल्या आठवड्यांत उपयोगी. दादाला हे माहीत नव्हतं, पण त्याने हॅचरीची पावती काढून दाखवली. मरेक्स दिलेली, कॉक्सी नाही. मी औषधी दाणा घेतला.

दाणा स्टार्टरच, म्हणजे लहान पिल्लांसाठीचाच घ्यायचा, साधारण २० टक्के प्रथिनांचा. घरात लेयर दाणा, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा दाणा, पडलाय म्हणून तोच घालू नका. त्यात अंड्याच्या कवचासाठी चुना भरपूर असतो आणि पिल्लाची मूत्रपिंडं त्याने खराब होतात.

मग एकेक पिल्लू हातात घेतलं. डोळे उघडे आणि चमकदार, बेंबी बंद आणि कोरडी, चोच सरळ, बोटं सरळ, मागची पिसं स्वच्छ. आणि एक परीक्षा मला फार विश्वासाची वाटते: पिल्लाचे तळवे आपल्या गालाला लावायचे. उबदार लागले तर पिल्लू ठीक. गार लागले तर ते आतूनही गार होत चाललंय. पिल्लाच्या अंगाची ऊब ४० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे निरोगी पिल्लाचा पाय गालाला चक्क कोमट लागतो. एकाचे पाय गार लागले, ते परत ठेवलं. बारा झाली.

परतीचा रस्ता पाऊण तासाचा होता. खोकं मुद्दाम लहान घेतलं, मोठ्या खोक्यात पिल्लं वळणावर घरंगळतात. तळाला जुना टॉवेल, एका बाजूला टॉवेलातच गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, झाकणाला आणि कडांना भोकं. खोकं डिकीत नाही, मांडीवर. एसी बंद. वाटेत दाणा-पाणी द्यायची गरज नाही, सांडलेल्या पाण्याने भिजलेलं पिल्लू जास्त धोक्यात येतं. आणि वाटेत कुठेही थांबायचं नाही.

अर्ध्या वाटेवर भाची एकदम घाबरली. "मावशी, आवाज थांबला!" मी गाडी हळू केली आणि तिला झाकण जरासं उचलायला सांगितलं. बाराही पिल्लं बाटलीच्या बाजूला पोटावर पसरून झोपली होती. मागच्या वेळी ती घर येईपर्यंत उंच, टोचणाऱ्या आवाजात ओरडत होती आणि मला तो उत्साह वाटला होता. तो थंडीचा आवाज होता. ऊब मिळालेलं पिल्लू हळू, तुटक चिवचिवतं किंवा झोपतं.

घरी आल्यावर आधी पाणी, मग दाणा. पाणी कोमट, भांडं उथळ, त्यात गोट्या टाकलेल्या, म्हणजे कुणी तोंडावर पडलं तरी बुडत नाही. प्रत्येक पिल्लाची चोच पाण्यात एकदा बुडवली. पिल्लू मान वर करून गिळतं, तेव्हा त्याला पाणी कळलं असं समजायचं. एकाला शिकवलं की दुसरी बघून पितात, तरी मी बाराही चोची बुडवल्या. तासाभराने दाणा. रात्री झोपण्याआधी गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपली. मऊ, भिजल्या पिठासारखी लागली तर पिल्लू खाऊनपिऊन आहे. कडक लागली तर दाणा खाल्लाय पण पाणी नाही. रिकामी असेल तर पुन्हा शिकवा.

त्याच रात्री एका तांबड्या पिल्लाच्या मागे विष्ठा चिकटून वाळलेली दिसली. प्रवासाच्या ताणाने असं होतं आणि दुर्लक्ष केलं तर मार्ग बंद होऊन पिल्लू मरतं. मी ते डाव्या तळहातावर पालथं धरलं, कापूस कोमट पाण्यात बुडवून तिथे दाबून ठेवला आणि थांबले. ओढायचं नाही, ओढलं तर पिसांसकट कातडी येते. तीन-चार वेळा कापूस बदलल्यावर खपली आपोआप मऊ होऊन सुटली. खाली कातडी लाल होती. कोरडं करून बोटाने व्हॅसलीन लावलं आणि पिल्लू पूर्ण सुकेपर्यंत ओंजळीत धरून बसले. त्याचं हृदय बोटांना लागत होतं, इतकं जलद की ठोके मोजता येईनात. एक सांभाळा, पोटाखाली बेंबीची वाळलेली खूण असते, तिला विष्ठा समजून खरवडू नका.

भाचीला प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायला लावले. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. पिल्लाचा मुका घ्यायचा नाही, पेटीजवळ काही खायचं नाही आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पिल्लू द्यायचंच नाही.

पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्या तांबड्या पिल्लाची मागची बाजू बघत होते. दुसऱ्या दिवशी थोडं पुन्हा चिकटलं, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. आज सातवा दिवस. पंखांच्या टोकांना खरी पिसं फुटली आहेत. सकाळी बल्बची साखळी वर घेतली, थर्मामीटर ३२ वर आला. दर आठवड्याला असेच तीन अंश कमी करत जायचे, अंगभर पिसं येईपर्यंत. भाचीने फोनवर विचारलं, "किती आहेत?" मी दोनदा मोजली आणि तिला सांगितलं, बारा.