वंशावळीच्या यादीपासून भिंतीवरच्या तक्त्यापर्यंत

आमच्या घराण्याची वंशावळ काकांनी वर्डमध्ये टाइप करून ठेवली होती. मूळ पुरुष डाव्या समासाला चिकटून, त्याचे मुलगे एक टॅब आत, नातू दोन टॅब आत, अशी दोनशेच्या वर नावं. मेहनत मोठीच, पण तीन-चार पानं उलटली की समोरचं नाव नेमकं कोणाच्या पोटी ते बघायला परत मागं जावं लागायचं. दिवाळीत सगळे गावी जमणार होते. तेव्हा याच यादीवरून भिंतीवर लावण्याजोगा मोठा तक्ता करायचं काम मी अंगावर घेतलं.

हातानं चौकोन आखत बसायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. मधेच एक नाव वाढलं की पुढचं सगळं सरकवावं लागतं, आणि वंशावळीत नावं वाढतच असतात. यादी फ्रीप्लेन या फांद्यांची आकृती काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पेस्ट केली तर टॅब ओळखून क्षणात फांद्या तयार होतात. घाईचं काम असेल तर तेच करावं. मला मात्र दत्तकाच्या नोंदीही दाखवायच्या होत्या, म्हणून ग्राफव्हिझ हा लिहून दिलेल्या नात्यांवरून आकृती काढणारा प्रोग्रॅम घेतला. मोफत आहे, एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलेला आहे आणि इतकी वर्षं टिकून आहे. त्याला फक्त कोणापासून कोणाकडे बाण जातो ते लिहून द्यायचं. कोण कुठे बसेल ते गणित त्याचं.

यादीतून बाण काढायची रीत सोपी आहे. वरून खाली एकेक ओळ वाचायची, तिच्या आधीचे टॅब मोजायचे आणि त्याहून एक टॅब कमी असलेलं सर्वांत अलीकडचं नाव शोधायचं. तोच बाप. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वीसेक ओळींत हे होतं. फक्त टॅब खरोखर टॅब असायला हवेत. वर्डमधलं ¶ हे बटण दाबल्यावर काही ओळींपुढे टॅबच्या खुणेचे बाण दिसले, काहींपुढे नुसते ठिपके. म्हणजे तिथं स्पेसबार दाबून नावं आत सरकवलेली होती. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, प्रोग्रॅमला नाही. ते सगळं आधी एकसारखं करून घेतलं.

खरा विचार नावांचा करावा लागला. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. विष्णूचा गोविंद, गोविंदाचा विष्णू, त्याचा पुन्हा गोविंद. ग्राफव्हिझच्या लेखी एक नाव म्हणजे एक माणूस. तेव्हा चार पिढ्या दोन चौकोनांत कोंबल्या जातात आणि मुलगा बापाचा बाप होतो. म्हणून प्रत्येकाला क्रमांक दिला, व००१, व००२ असा. बाण क्रमांकांचे, आणि नाव फक्त चौकोनात दिसण्यापुरतं.

दत्तक गेलेला मुलगा यादीत दोनदा येतो, जन्मदात्याखालीही आणि घेणाऱ्याखालीही. दोन्हीकडे एकच क्रमांक ठेवून जन्मदात्याकडून तुटक रेघ काढली आणि तिच्यामुळे पिढ्यांचे रकाने हलू नयेत म्हणून त्या रेघेचं 'कन्स्ट्रेंट', म्हणजे जागा ठरवण्यातला तिचा वाटा, बंद केलं. अशी आडवी रेघ आली की भावांचा क्रम कधी कधी बदलतो. थोरला धाकट्याच्या खाली गेलेला आमच्याकडे चालणार नाही, म्हणून 'ऑर्डरिंग' या सेटिंगला 'आउट' दिलं, म्हणजे मुलं लिहिलेल्या क्रमानंच राहतात. दिशा डावीकडून उजवीकडे ठेवली. वरून खाली काढलं असतं तर शेवटच्या पिढ्यांनी तक्ता अंगणाएवढा रुंद केला असता. फॉन्टचं नाव स्पष्ट लिहायचं, नाहीतर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येऊ शकतात. छपाईला पीडीएफ द्यायचं, कारण एसव्हीजी या दुसऱ्या प्रकारची चित्राची फाइल उघडणाऱ्याकडे तो फॉन्ट असेलच असं नाही.

पहिला मसुदा स्क्रीनवर आला तेव्हा यादीत कधीच डोळ्यांत न भरलेली गोष्ट दिसली. मधल्या पिढ्यांत ठिकठिकाणी फांद्या तुटलेल्या होत्या. यादीत त्या नावांपुढे कंसात 'निर्वंश' एवढंच. मोठ्या आत्याला फोन करून त्यातल्या एका चुलत आजोबांबद्दल विचारलं. ती म्हणाली, "अगं निर्वंश कसले? तीन मुली होत्या की त्यांना! धाकटी तर माझ्याबरोबर शाळेत होती." मग तिनं तिघींची माहेरची नावं, सासरची नावं आणि गावं एका दमात सांगितली. काकांनी वडिलोपार्जित वही जशीच्या तशी उतरवली होती, आणि त्या वहीत लेकींना आणि सुनांना जागाच नव्हती. मला ते सहन होईना. त्यानंतरचे कितीतरी दिवस कोड बाजूला राहिलं आणि फोनच चालले. सुनांची माहेरची आडनावं नवऱ्याच्याच चौकोनात दुसऱ्या ओळीत घातली, लेकींना स्वतंत्र चौकोन आणि क्रमांक दिले. दोन-तीन पणज्यांची माहेरची नावं आता कोणालाच आठवत नाहीत. तिथं ती ओळ कोरी ठेवली आहे, पुसलेली नाही.

लेकींची मुलं किती पिढ्या घ्यायची यावर घरात बरीच चर्चा झाली. काकांचं म्हणणं, त्यांची वंशावळ वेगळी. मी मात्र एक पिढी घेतलीच, आणि छपाईला जाण्याआधी काकांनीच त्यातल्या दोन भाच्यांची राहिलेली नावं भरून दिली.